बिदरहून कलबुर्गीला : एका स्टेशन वॅगनची परीक्षा

माझी थोरली बहीण बिदरला राहते. तिचे यजमान तेथे शिक्षक आहेत. घरात दोन मुले आणि वृद्ध सासरे. दोन वर्षांपूर्वी आजोबा अंगणात घसरून पडले व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून चाकांची खुर्ची हेच त्यांचे पाय झाले आहेत. दर महिन्याला त्यांना तपासणीसाठी कलबुर्गीस न्यावे लागते. भाड्याच्या मोटारीत माणसे बसली की खुर्चीला जागा नाही, आणि खुर्ची ठेवली की सामानाला नाही. म्हणून गावातील एका गृहस्थांची जुनी स्टेशन वॅगन विकत घ्यावी, असा विचार घरात चालला होता. नाताळच्या सुट्टीत मी तेथे गेलो, तेव्हा भाऊजी म्हणाले, "मालकांनी एक दिवस गाडी दिली आहे. आजोबांना घेऊन कलबुर्गीला जाऊन येऊ. तू हाक, आणि घ्यावी की नाही ते सांग."

स्टेशन वॅगन म्हणजे काय, असे काही वाचक विचारतील. साध्या मोटारीचे छप्पर मागल्या काचेपाशी उतरते. हिचे छप्पर थेट शेवटपर्यंत सरळ जाते, आणि मागे वर उघडणारे रुंद दार असते. अमेरिकेत रेल्वे स्टेशनावरून उतारू व त्यांचे सामान घरी पोहोचविणाऱ्या गाड्यांवरून हे नाव पडले. आरंभी त्यांचा मागील सांगाडा लाकडाचा असे. १९२९ साली फोर्ड कंपनीने आपल्या 'मॉडेल ए' या मोटारीचा असा प्रकार मोठ्या संख्येने बाजारात आणला. पुढे लोकांना वाटू लागले की, सामानाच्या गाडीने मंदच का असावे? १९९४ साली व्हॉल्व्हो कंपनीने ब्रिटनमधील मोटारींच्या शर्यतींत चक्क स्टेशन वॅगन उतरविली, तेव्हा प्रेक्षकांची मोठी करमणूक झाली म्हणतात.

आपल्या देशात हा प्रकार फारसा रुजला नाही. पुण्यात तयार झालेली 'टाटा इस्टेट' १९९२ साली आली. मारुतीची 'बलेनो' १९९९ ते २००७ या काळात विकली जात असे. तिच्याच सामानवाहू बहिणीचे नाव 'अल्टुरा'. आम्हांला मिळाली ती हीच. तिचे पेट्रोल इंजिन १.६ लिटरचे, सुमारे ९० अश्वशक्तीचे. आजच्या मानाने हे आकडे थोर नव्हेत. परंतु गाडी अंगाने हलकी असल्यामुळे ते पुरेसे होतात, असे जाणकार सांगत.

सकाळी आजोबांना मागच्या आसनावर बसविले, शेजारी भाऊजी बसले, खुर्चीची घडी करून मागे ठेवली, आणि माझा भाचा पुढे माझ्याजवळ बसला. बहीण धाकटीला घेऊन घरीच राहिली. महमूद गवानाने १४७२ साली बांधलेल्या मदरशाचा मनोरा कोवळ्या उन्हात उभा होता. त्याच्या अंगावरील रंगीत फरशांचे उरलेसुरले तुकडे चमकत होते. गावाबाहेर पडताच दोहों बाजूंस बिदरची तांबडी, जांभ्या दगडाची जमीन पसरली. कलबुर्गी येथून सुमारे ११० किलोमीटर. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने आपली राजधानी तिकडून इकडे हलविली. तेव्हा किती बैलगाड्या या मुलखातून कण्हत आल्या असतील, याची कल्पनाच करावी.

आमची गाडी मात्र कण्हत नव्हती. आसन जमिनीलगत, सुकाणू हलके, आणि पाय जरा दाबला की इंजिन आनंदाने पुढे झेप घेई. उंच जीपगाड्या वळणावर कलतात, तशी ही कलत नव्हती, कारण हिचा भार खाली आहे. दोष एकच जाणवला. मागची जागा जवळजवळ रिकामी असल्याने खड्ड्यावर शेपटी उडे. ओझ्यासाठी बनविलेल्या कमानी ओझ्यावाचून अशाच ताठ राहतात.

हुमनाबादला पुणे-हैदराबाद हमरस्ता ओलांडला. पुढे रस्ता चांगला लागला, आणि भाचा म्हणाला, "मामा, जरा पळवा की! परीक्षा घ्यायची ना?" वाचकहो, पन्नाशी उलटलेल्या मनुष्याने एकोणीस वर्षांच्या मुलाचे ऐकू नये. मी ऐकले. काटा ९० वर गेला. त्या वेगाने मोटार एका सेकंदात २५ मीटर जाते, आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. हे मला पाठ होते. पण पायाला ते ठाऊक नव्हते.

एका वळणापलीकडे अर्धा रस्ता तुरीने झाकलेला होता. पौषात येथे शेतकरी वाळलेली तूर डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली तिची मळणी होते. दोन बाया खराट्याने शेंगा लोटीत होत्या, आणि ढिगाशेजारी एक लहान मूल बसले होते. सुक्या शेंगांवर चाक गेले तर ते घसरते, म्हणून त्यांच्या अलीकडेच थांबणे भाग होते. मी सर्व शक्तीने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, तोल न सोडता, ढिगापासून चार हातांवर उभी राहिली. त्याच क्षणी मागे मोठा दणका बसला. न बांधलेली खुर्ची पुढे येऊन आजोबांच्या पाठीमागील आसनावर आदळली होती.

क्षणभर कोणी बोलेना. आसनाच्या पाठीने आघात झेलला होता. आजोबांना इजा झाली नव्हती. त्यांनी टोपी सारखी केली आणि शांतपणे म्हणाले, "गाडी चांगली थांबते. आता हाकणारा पाहायचा राहिला."

मी खाली उतरून त्या बायांची क्षमा मागितली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत वाटले गेले. पण येथील बोलीला सीमा ठाऊक नाहीत. थोरली बाई कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "सावकाश जावा की, अण्णा. पोरं असत्यात रस्त्यावर." तिने आमची सुटी खुर्ची पाहिली, आणि झाडाखालच्या बैलाचे एक जुने दावे आणून दिले. खुर्ची आसनाच्या लोखंडी पायाला घट्ट बांधून आम्ही निघालो. मी ६० च्या वर गेलो नाही, आणि भाच्यानेही काही म्हटले नाही.

कमलापूरला तेथील प्रसिद्ध तांबडी केळी घेतली. जमीन आता काळी झाली होती. कलबुर्गीत (२०१४ पर्यंत हिचे सरकारी नाव गुलबर्गा होते) आजोबांची तपासणी आटोपली. किल्ल्यातील १३६७ सालची, अंगणावरही छप्पर असलेली जामा मशीद बाहेरून पाहिली, आणि २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या तेथील तूरडाळीचे एक पोते घेतले.

परतीच्या वाटेवर गाडीची खरी ओळख पटली. पोते, केळी आणि बांधलेली खुर्ची यांच्या भाराने मागच्या कमानी बसल्या. शेपटी उडणे थांबले, आणि वळणावर चारही चाके रस्ता धरून चालू लागली. आजोबांना गाढ झोप लागली. सकाळच्या ९० च्या वेगाहून ही झोप मला अधिक मोठे प्रशस्तिपत्र वाटले. अंधार पडल्यावर उसाने लादलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर भेटले. सावकाश असल्याने ते वेळीच दिसले.

ज्या ठिकाणी तूर पसरली होती, तेथे दावे परत देण्यासाठी थांबलो. ढीग उचललेला होता, रस्ता स्वच्छ झाडलेला, आणि माणसे घरी गेलेली.

रात्री माझे मत मी सांगितले : गाडी घ्यावी, पण पंधरा वर्षे उलटलेल्या खाजगी मोटारीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नवी करून घ्यावी लागते, म्हणून ते झाल्यावाचून पैसे देऊ नयेत. चांगल्या कारागिराकडून टायर व ब्रेक तपासून घ्यावेत. आणि आजोबा बसण्यापूर्वी खुर्ची बांधावी.

परवा भाऊजींचे पत्र आले. गाडी घरी आली आहे. मागे दोन मजबूत पट्टे बसविले आहेत. पुढच्या खेपेस वळणापाशी ती बाई भेटली. तिचे दावे आणि घरच्या करंज्यांचा एक डबा आजोबांनी तिच्या हाती दिला. गाडी भाचा हाकीत होता, आणि काटा ६० वर होता, असे भाऊजींनी मुद्दाम लिहिले आहे.