वारेचं वजन

बाळ जन्मलं की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि दुसरा वजन किती. नंदुरबार जिल्ह्यातल्या विसरवाडीसारख्या गावात, सुरत-धुळे महामार्गावरच्या या आदिवासी पट्ट्यात, दुसऱ्या प्रश्नात जास्त काळजी असते. अडीच किलोची रेघ आशाताईंपासून आजीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. काटा तिच्या अलीकडे थांबला की चेहरे उतरतात. बाळामागून पडलेली वार मात्र 'पूर्ण आली ना?' एवढं पाहून बाजूला केली जाते. पूर्वी ती घराशेजारी पुरत. आता दवाखान्यातल्या पिवळ्या पिशवीत जाते. तिची साधी चौकशीही होत नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण त्या काट्यावर जे दिसतं, त्याची बरीचशी हकिगत तिच्याकडे असते.

पूर्ण दिवसांची वार साधारण अर्ध्या किलोची, बाळाच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. तिच्यात आईचं रक्त एका अंगाने खेळतं, बाळाचं दुसऱ्या. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, लोह पलीकडे पोचतं. दिवस भरत येतात तेव्हा मिनिटाला सुमारे अर्धा लिटर आईचं रक्त इथून जातं. एवढा प्रवाह आयता मिळत नाही. गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद करून वारच तो मिळवते, आणि हे काम पहिल्या पाचेक महिन्यांत बहुतेक उरकलेलं असतं. बाळाचं अंग भरतं ते त्यानंतर.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांचा अभ्यास केला. दिवस राहण्याआधी त्या आयांचं सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होतं, बाळांचं २.७ किलोच्या. चौथ्या-पाचव्या महिन्यात सोनोग्राफीने वार मोजली, तर जिची वार मोठी तिचं बाळ पुढे जड भरलं. आणि वारेचा हा आकार आईच्या गरोदरपणाआधीच्या वजनाशी जुळत होता. गरोदरपणात वाढलेल्या वजनाशी नाही. हे वाचलं तेव्हापासून ते मनातून जात नाही.

नुसती मोठी वार म्हणजे चांगली वार, असंही नाही. आईच्या अंगात रक्त कमी असेल तर वार कधी कधी जास्तच वाढते, जणू तूट भरून काढायला. इंग्लंडमधल्या प्रेस्टन इथल्या नोंदी चाळून संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९९० मध्ये दाखवलं, की बाळ लहान आणि वार मोठी अशा जन्मलेल्यांचा रक्तदाब पन्नाशीच्या सुमारास सगळ्यांत जास्त होता. नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेलही आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी वारेतल्या बारीक वाटा अडवतात, आणि बाळाचं वजन तिथेच कमी होतं.

राज्यात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत गरोदर बाईला एक वेळचं ताजं, चौरस जेवण मिळतं. ते हवंच. पण ताट समोर येतं गरोदरपणाची नोंद झाल्यावर, आणि तोवर वार रुजलेली असते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये झालेल्या एका प्रयोगात बायांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ दिला. दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून ज्यांनी तो खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जड भरली. अगदी किडकिडीत बायांना मात्र हा लाभ झाला नाही. काही महिन्यांत भरून निघेल अशी ती उणीव नव्हतीच.

दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाणारी चौदा वर्षांची मुलगी, आश्रमशाळेतल्या पंगतीत बसलेली मुलगी, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी घरातली थोरली: त्यांच्या पोटात जे आज पडतं, त्यावर उद्याच्या वारेचं वजन ठरायचं आहे. अमृत आहाराचं ताट या मुलींपर्यंत न्या, आणि त्यांची लग्नं थोडी थांबवा.