सेकंदाला ८००० निरोप

मागच्या धाग्यात आपण पेशवेकाळातील जासुदांच्या पाठोपाठ धावलो. आजचा धागा त्यामानाने अगदी अलीकडच्या काळातला आहे आणि तो माझ्या घरातून सुरू होतो. विषय आहे संगणकाचा माऊस. हसू नका. यात माझ्या हातून झालेली एक चूक आहे, आणि ती उलगडताना मला १९६४ पासूनचा इतिहास चाळावा लागला.

भाऊबीजेला ओवाळणी घालायची ती भावाने. गेल्या दिवाळीत मी ही रीत जरा मोडली. धाकट्या भावाला ओवाळले, ताटातले पाकीट उचलले आणि त्याच्या हाती एक खोके ठेवले. आत खास खेळांसाठी बनवलेला, तारेचा, बऱ्यापैकी महाग माऊस होता. तो साताऱ्याला असतो, मी पुण्यात. गेली चार वर्षे रविवारी रात्री साडेनऊला आम्ही दोघे ऑनलाइन एकत्र खेळतो. दुसऱ्या महायुद्धावरचा एक जुना खेळ आहे: नॉर्मंडीचा किनारा, उंच कुंपणांनी वेढलेली शेते, पडकी चर्चे. आम्ही खेळतो कमी आणि नकाशावरून भांडतो जास्त. आठवड्यातून एकदा तासभर एकमेकांशी बोलायची ती खरे तर सबब आहे.

दिवाळीनंतर त्याचे येणे कमी झाले. “आज डोके दुखतेय, ताई.” “उद्या शिकवणीची मुले सकाळीच येणार आहेत.” आला तरी पहिल्या दहा मिनिटांत मारला जायचा आणि हसण्यावारी न्यायचा. मला वाटले, पोरगा मोठा झाला; बहिणीबरोबर खेळण्याचे वय सरले. मनाला लागले, पण बोलले नाही.

डिसेंबरअखेर त्याचा फोन आला. “ग्राफिक्स कार्ड बदलावे म्हणतो. खेळ फार अडखळतोय.” दुकानदाराने अठरा हजार सांगितले होते. पैसे कुठून आणणार, असे विचारले तेव्हा कळले की एम. ए.च्या प्रवेशासाठी शिकवण्यांतून बाजूला टाकलेली रक्कम तो मोडणार होता. मी म्हणाले, “संगणक सहा वर्षांचा झालाय. घेऊन टाक. प्रवेशाचे मी बघते.” साधन न तपासता निकाल देणाऱ्यांवर मी याच पानावर किती तोंडसुख घेतले आहे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या दिवशी मी नेमके तेच केले.

नशिबाने दुकानात कार्ड शिल्लक नव्हते आणि मध्ये संक्रांत आली. मी घरी गेले. रात्री त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटले, दाखव.

खरेच अडखळत होता. चित्र क्षणभर खिळायचे, मग धाडकन पुढे उडी मारायचे. पण थोडा वेळ पाहिल्यावर एक गोष्ट खटकली. तो झाडाआड लपून दुरून नेम धरत होता तेव्हा सगळे ठीक चालले होते. पाठीमागून गोळीबार झाला, त्याने झटक्यात मागे वळून पाहिले, की चित्र खिळले. “धामधूम वाढली की कार्ड दमते,” तो म्हणाला. कारणमीमांसा पटण्यासारखी होती. मी म्हटले, “एकदा माऊसवरून हात काढ. नुसत्या कीबोर्डने चाल.”

तो चालला. समोर तोफा धडाडत होत्या, धूर होता, निम्मी पलटण पडद्यावर धावत होती, आणि चित्र लोण्यासारखे सरकत होते. मग रिकाम्या शेतात नेऊन उभे केले आणि माऊस जोरजोराने गोल फिरवायला सांगितला. आसपास चिटपाखरू नाही, तरी चित्र अडखळले.

“जुना माऊस कुठाय?”

खणातून काढला. लावला. अडखळणे गायब. नवा लावला, परत हजर. दोन महिने हा प्रयोग त्याने का केला नाही, असे मी जरा चिडूनच विचारले. तो म्हणाला, “तू दिलेला काढून जुना लावायचा, हे बरे वाटेना.” यावर काय बोलणार!

आता इतिहासाकडे येते. कारण दोष माऊसमध्ये आहे एवढे कळले, तरी का हे कळले नव्हते.

माऊसचा पहिला नमुना १९६४ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला. कल्पना डग्लस एंगेलबर्ट यांची, घडवला बिल इंग्लिश यांनी. लाकडी ठोकळा, खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या परिषदेत एंगेलबर्ट यांनी दीड तासाच्या प्रात्यक्षिकात तो जगापुढे आणला. त्याच वर्षी, दोन महिने आधी, जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनीनेही गोळ्यावर चालणारे तसेच साधन जाहीर केले होते. त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. पुढची कथा बहुतेकांना ठाऊक आहे: झेरॉक्सची प्रयोगशाळा, १९८४ चा मॅकिंटॉश, रबरी गोळा जाऊन आलेला प्रकाश. पण आमच्या अडखळण्याचे मूळ या कथेत सापडत नाही. माऊस कसा दिसत होता, कशावर सरकत होता, हे सगळे त्यात आहे. तो संगणकाशी कधी आणि कोणाच्या परवानगीने बोलत होता, हे कोणी सांगत नाही. खरा इतिहास तिथे आहे.

सुरुवातीचे घरगुती माऊस सिरियल पोर्टला जोडले जात. ती वाट इतकी अरुंद होती की सेकंदाला सुमारे ४० निरोप जात. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ संगणक आणला. त्याच्या गोल खोबणीतला माऊस सहसा सेकंदाला १००, फार तर २०० निरोप देई. या दोन्ही पद्धतींत बातमी आली की माऊस स्वतः दार ठोठावी. आपला जासूद आठवा. तो रात्री-अपरात्री दौडत यायचा, कारभाऱ्याला उठवायचा आणि पत्र हाती द्यायचा. कारभाऱ्याने हातातले काम टाकून ते बघायचे.

१९९६ साली यूएसबी आले आणि शिरस्ता उलटा झाला. आता दारावर थाप मारण्याची मुभा कोणाला नाही. संगणक ठरलेल्या अंतराने स्वतः विचारतो, काही वर्तमान आहे का? असेल तर माऊस ते देतो. नसेल तर नाही म्हणतो आणि प्रकरण तिथेच मिटते. हा नकार यूएसबीची यंत्रणा परस्पर निस्तरते, संगणकाच्या मुख्य मेंदूपर्यंत तो पोचतही नाही. किती वेळा विचारायचे या आकड्याला ‘पोलिंग रेट’ म्हणतात. साध्या माऊसला सेकंदाला १२५ वेळा विचारले जाई, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. खेळणाऱ्यांना हे अंतर जाचू लागले. २००० नंतरच्या दशकात १००० हर्ट्झचे माऊस आले, दर मिलिसेकंदाला एक विचारणा. आणि २०२१ पासून ८००० हर्ट्झचे माऊस बाजारात आहेत. हा आकडा हवेतून आलेला नाही. यूएसबी २.० च्या वेगवान पद्धतीत काळाचा सर्वांत लहान तुकडा १२५ मायक्रोसेकंदांचा असतो. सेकंदात असे ८००० तुकडे बसतात. म्हणजे प्रत्येक तुकड्यात एक विचारणा.

आता खेळाच्या बाजूने बघा. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील, तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२५ हर्ट्झचा माऊस तेवढ्यात दोन निरोप देतो. १००० हर्ट्झचा सोळा-सतरा देतो. ८००० हर्ट्झचा १३३. खेळ नवा असेल आणि निरोप गठ्ठ्याने उचलत असेल, तर हा भार सहज पेलतो. जुन्या खेळांपैकी काही मात्र प्रत्येक निरोप वेगळा उघडतात, प्रत्येकासाठी कॅमेरा वळवण्याचा हिशेब पुन्हा मांडतात आणि मगच पुढच्याकडे वळतात. ते लिहिले गेले तेव्हा एका चित्रामागे १३३ जासूद येतील, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. कारभारी पत्रे फोडत बसतो आणि दरबार खोळंबतो. चित्र वेळेवर उमटत नाही, आपण म्हणतो खेळ अडखळला.

गर्दी एकट्या खेळाचीच असते असेही नाही. खेळताना बोलण्यासाठी उघडलेला प्रोग्रॅम, चित्रीकरण करणारा प्रोग्रॅम, असे कोणी ना कोणी मागे बसून माऊसचे निरोप ऐकत असतात. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये विंडोज ११ साठी जी सुधारणा दिली, ती याच मागच्या श्रोत्यांसाठी होती: त्यांच्याकडे जाणारे निरोप एकत्र करून त्यांची संख्या घटवली.

नेम धरताना सगळे सुरळीत आणि वळताना अडखळणे, हे कोडेही इथेच सुटते. माऊस हलला नाही तर निरोप नाही. हळू हलला तर थोडे निरोप. ८०० डीपीआयवर ठेवलेला माऊस एक इंच सरकला की ८०० पावले मोजतो, म्हणून सेकंदाला ८००० निरोप भरायचे तर हात सेकंदाला दहा इंचांच्या वेगाने फिरायला हवा. दुरून नेम धरणारा हात इतका फिरत नाही. घाबरून मागे वळणारा फिरतो, आणि माणूस घाबरून वळतो तो नेमका धामधुमीत. भावाचे निरीक्षण चूक नव्हते. एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टींपैकी त्याने दुसरीला कारण मानले, इतकेच.

उरला एकच प्रश्न. भावाच्या संगणकावर त्या माऊसचा सेटिंग बदलणारा प्रोग्रॅम कधी बसवलेलाच नव्हता. मग ८००० आला कुठून? घेतलेला माऊस सहसा १००० वर लावूनच येतो. आमच्या खोक्यातल्या पत्रकातही तसेच छापले होते.

मी माझा लॅपटॉप उघडला. त्यावर तो प्रोग्रॅम होता. होता, कारण दिवाळीच्या दोन दिवस आधी खोके गुंडाळण्यापूर्वी मीच तो बसवला होता. भेट सदोष निघू नये म्हणून माऊस लावून पाहिला, दिव्यांचा रंग त्याच्या आवडीचा निळा केला आणि तिथे दिसलेली पट्टी थेट उजव्या टोकापर्यंत ओढली. खोक्यावर तोच आकडा सर्वांत मोठ्या ठशात होता. पैसे मोजलेत तर पूर्ण वसूल व्हायला हवेत, असा साधा विचार. अशा बऱ्याच माऊसमध्ये स्वतःची छोटी स्मृती असते. तुम्ही ठरवलेला आकडा संगणकात न राहता माऊसमध्ये राहतो आणि त्याच्याबरोबर गावोगाव फिरतो. पुणे ते सातारा माझा आकडा असाच गेला. दोन महिने तो त्याला खेळात मारत होता आणि मी समजत होते की माझा भाऊ मला टाळतोय.

सांगितले त्याला सगळे. आधी तो गप्प राहिला, मग इतका हसला की आई आतून विचारायला आली.

मग आम्ही दोघांनी रीतसर तपासले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे जसेच्या तसे, तेच रिकामे शेत, तेच गोल फिरवणे. ४००० वर अडखळणे कमी झाले, पण होते. २००० वर अधूनमधून. १००० वर काहीच नाही. ५०० वरही काही नाही आणि हाताला फरकही जाणवला नाही. १००० वरून ८००० वर जाऊन वाचणार होता तो वेळ एका मिलिसेकंदाहूनही कमी. तुमच्याकडे असा माऊस असेल आणि खेळ फक्त माऊस फिरवताना अडखळत असेल, तर खिशात हात घालण्याआधी एवढे करून बघा: माऊस न हलवता कीबोर्डने चाला, मग जुना साधा माऊस लावा, मग पोलिंग रेट १००० वर आणा. माऊस न हलवताही अडखळत असेल, तर दुखणे वेगळे आहे आणि हा धागा त्यावर नाही.

१००० वर ठेवून पट्टी बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानदाराला फोन करून कार्ड नको म्हणून कळवले. जाताना मी जुना माऊस पुण्याला न्यायला मागितला, तर म्हणाला, “असू दे खणात. पुढच्या भाऊबीजेनंतर लागेल.”

त्या रविवारी साडेनऊला तो आला. पहिल्याच डावात त्याने मला चर्चच्या पाठीमागून गाठले.