शुगर आली घरा

“तुम्हाला शुगर आहे,” डॉक्टर म्हणाले. चहातली साखर बंद झाली, तेव्हा म्हटलं, निदान या बयेचं कूळ तरी शोधू. शब्दकोश उघडला, तर ही आपलीच निघाली! संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू. खड्यांसारखी दिसते म्हणून साखरही शर्कराच. ती इराणात गेली, शकर झाली. अरबांकडे सुक्कर, लॅटिनात सुक्कारुम, फ्रेंचांकडे सुक्र आणि साहेबाघरी शुगर. तिची एक बहीण मल्याळी मुलखातून पोर्तुगीजांचा हात धरून गेली. ती इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणून नांदते. म्हणजे गूळच! एवढं जग फिरून शुगर आमच्या बीडला परतली, ती दुखणं होऊन.

शेजारच्या तात्यांना मी ही वंशावळ ऐकवली. दिवाळी सरलेली. दारात ट्रॅक्टर उभा. मुलगा आणि सून ऊसतोडीला कोल्हापूरकडं निघालेले. मुकादमाच्या वहीत दोघं मिळून एक कोयता. तान्हं पोर हिशेबात नाही.

तात्या म्हणाले, “गुरुजी, शर्करा म्हंजे मूळचे खडेच ना? मग बरोबरै. आमच्या वाट्याला अजून तेच येतेत.”

मी बिनसाखरेचा चहा मुकाट्यानं संपवला.