तळातले पाणी

होडीत पाणी येणे यात नवल ते काय? लाकडी होडी म्हणजे फळ्यांची जोडणी. सांध्यांतून थोडे पाझरते, लाटेचे तुषार काठावरून येतात, ओल्या जाळ्यांतून निथळते. आलेल्या पाण्याला वाट ठेवली आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. हे मी बाराव्या वर्षी शिकलो. त्याची किंमत मात्र वडिलांनी मोजली.

ही 1960 नंतरच्या दशकातली गोष्ट. वसईच्या पाचूबंदरातल्या काही होड्यांना तेव्हा यंत्रे बसली होती. आमची होडी शिडावरच चाले. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर आडोशाखाली असे. बराच काळ पाण्याबाहेर राहिलेले लाकूड आकसते आणि सांधे उघडतात. म्हणून हंगामापूर्वी बाबा सांध्यांत कापसाची वात ठोकून बसवीत, वर तेलात कढवलेली राळ लावीत. होडी पाण्यात उतरली की लाकूड फुगे आणि कापूस आवळला जाई.

माझ्याकडे एकच काम होते. तळाशी आडव्या बसवलेल्या लाकडी बरगड्यांना खालच्या बाजूस बोटभर छिद्रे असत. साऱ्या कप्प्यांतले पाणी त्यांतून वाहत मागच्या खोलगट भागात जमावे आणि तेथून डब्याने उपसावे, अशी ती रचना. ती छिद्रे काडीने मोकळी ठेवायची.

"तळ पाहिलास का रे?" त्या दुपारी परतताना बाबांनी विचारले.

"पाहिला. कोरडा आहे."

मागचा भाग खरोखरच कोरडा होता. मी तेवढाच पाहिला होता. पुढच्या कप्प्यांची छिद्रे खवल्यांनी आणि जाळ्याच्या धाग्यांनी बुजली होती आणि पाणी फळ्यांखाली तुंबत होते. इतक्यात वायव्येचा वारा वाढला. होडी उजव्या कुशीवर कलली, तसे तुंबलेले सारे पाणी त्याच कुशीला धावले. एरवी कललेली होडी सावरते; ही सावरेना. काठ पाण्याला टेकला. बाबांनी शिडाची दोरी सोडली आणि काका ओरडले, "भार टाका!" मासळीच्या टोपल्या गेल्या, पाठोपाठ कर्ज काढून घेतलेले नवे जाळेही. मग फळ्या उचकटून आम्ही अंधार पडेपर्यंत पाणी उपसले.

आज विजेचे पंप आहेत. पण पाण्याखाली 2 फुटांवर 1 इंच व्यासाचे भोक पडले, तर मिनिटाला सुमारे 60 लिटर पाणी आत येते. लहान पंप तेथे फार काळ पुरा पडत नाही. पंपाच्या नळाचे तोंड बाहेर पाण्याखाली गेले, तर पंप थांबताच तोच नळ समुद्र आत ओढू लागतो. म्हणून नळ पाण्याच्या पातळीच्या बराच वर वळवून नेतात आणि त्या वळणाच्या माथ्यावर हवा शिरायला वाट ठेवतात. आणि पंप कितीही चांगला असला, तरी छिद्रे बुजली की त्याच्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही.

बाबा मला रागावले नाहीत. मात्र पुढचे दोन हंगाम त्यांनी तो प्रश्न मला विचारला नाही. मी काडी फिरवून झाल्यावर ते स्वतः वाकून हात घालीत. त्या वाकलेल्या पाठीकडे पाहणे मला कोणत्याही शिक्षेहून जड जाई.

तिसऱ्या हंगामात एका पहाटे सुकाणूवरून आवाज आला, "तळ पाहिलास का रे?"

मी लगेच उत्तर दिले नाही. पुढच्या टोकापासून एकेका छिद्रात बोट घालीत मागे आलो आणि मग म्हणालो, "पाहिला, बाबा."

त्यांनी शीड चढवायला सांगितले.