चित्र थांबतं तिथे

दरी सोडली की वय एकदम वसूल होतं, हा ‘लॉस्ट होरायझन’मधला सगळ्यात निर्दय नियम. फ्रँक काप्राचा हा सिनेमा १९३७चा, जेम्स हिल्टनच्या कादंबरीवरचा. पळवलेल्या विमानातली माणसं हिमालयातल्या शांग्रीला नावाच्या दरीत पोचतात. तिथे म्हातारपण फार सावकाश येतं. मठातल्या मोठ्या लामांनी तर दोनशे वर्षं ओलांडलेली. ती भूमिका करणारा सॅम जाफी तेव्हा चाळिशीतला होता.

आईचा हा लाडका सिनेमा. त्यातल्या नायकाचं, रोनाल्ड कोलमनचं, बोलणं ऐकत राहावं, असं ती म्हणायची. तरुण दिसणारी मारिया दरीबाहेर पडते, बर्फात कोसळते आणि तिचा चेहरा सुरकुत्यांनी भरून जातो. तो प्रसंग आला की आई विणकाम मांडीवर ठेवायची. सुया हलायच्या थांबायच्या. आजारपणात एकदा एवढंच म्हणाली, “तिला तिथंच राहू द्यायचं होतं गं.”

आईनं पाहिला तो कापलेला सिनेमा. प्रदर्शनानंतर त्याला पुन्हा पुन्हा कात्री लागली, आणि मूळ नायट्रेट निगेटिव्ह सडून गेली. चिरतारुण्याची गोष्ट सांगणारी फिल्म स्वतः तीस वर्षंही धड टिकली नाही. १९७३पासून अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं तुकडे शोधायला घेतले. रॉबर्ट गिट यांनी ते वर्षानुवर्षं जुळवले. आवाज सापडला पूर्ण १३२ मिनिटांचा. चित्र मात्र १२५ मिनिटांचंच. उरलेल्या जागी स्थिरचित्रं लावली. माणसं गोठलेली, ओठ मिटलेले, आणि बोलणं चालूच.

आई गेल्यावर मी ही आवृत्ती पाहिली, आणि त्या सात मिनिटांत मला फार रडू आलं. आमच्या घरी नेमकं उलटं झालंय. आईचे फोटो अल्बम भरून आहेत, आवाज कुठेच नाही. हाक मारताना ती माझ्या नावाचं शेवटचं अक्षर लांबवायची. तो सूर मनात लावून पाहते, लागत नाही.

ती सात मिनिटं गाळली असती तर सिनेमा सलग वाटला असता. त्यांनी गाळली नाहीत, जे गेलं ते गेलेलं दिसू दिलं, याबद्दल मला त्या लोकांविषयी कृतज्ञता वाटते.

हा सिनेमा पाहणार असाल तर १३२ मिनिटांचाच पाहा. आणि चित्र थांबेल तेव्हा कृपा करून पुढे पळवू नका.