वस्तादाचें मोल

ज्याच्या अंगाला मैदानावरील मातीचा कण लागत नाहीं, सामना चालू असतां ज्याच्या हातीं चेंडू एकदांही येत नाहीं, त्याच्याच नांवावर जय आणि पराजय मांडण्याची चाल जगांत फार जुनी आहे. लढाई शिपाई लढतो आणि नांव सरदाराचें होतें. कुस्ती पठ्ठ्या मारतो आणि फेटा वस्तादाला बांधतात. यांत अन्याय आहे असें म्हणावें, तर सरदार बदलतांच तेच शिपाई पळूं लागल्याचे दाखले इतिहासांत थोडे नाहींत. तेव्हां दुसऱ्याच्या हातून काम करवून घेणाऱ्या मनुष्याची योग्यता मोजावी तरी कशी, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. मला तो प्रथम नीट दिसला तो एका परक्या खेळाच्या निमित्तानें.

माझा पुतण्या पुष्कळ वर्षें बॉस्टनजवळ राहतो. २०१९ सालच्या शरदांत मी तीन महिने त्याच्याकडे होतों. दर रविवारीं दुपारीं त्या घरांत एक प्रकारचें सोंवळें पाळलें जाई. जेवणें आटपलेलीं, फोन दूर ठेवलेले, आणि सर्व कुटुंब अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यापुढें बसलेलें. फुटबॉल म्हणावें इतका पायाचा संबंध या खेळांत येत नाहीं. अकरा धिप्पाड गडी दुसऱ्या अकरांवर आदळतात, पांचसात सेकंदांत मनुष्यांचा ढीग होतो, शिट्टी वाजते, आणि मग अर्धें मिनिट सारें स्तब्ध. तें अर्धें मिनिट कोचचें. कानाला यंत्र लावून मैदानाच्या कडेला उभा असलेला हा गृहस्थ, आपल्या मदतनिसांसह, पुढचा डाव ठरवितो. क्रिकेटमध्यें खेळ सुरू झाला म्हणजे कर्णधाराचें राज्य. येथें एका सामन्यांत शंभराहून अधिक वेळां खेळ थांबतो आणि तितक्याच वेळां कडेवरून हुकूम सुटतो. मग कोण कोच थोर आणि कोण सामान्य, याविषयीं तिकडे घरोघर वाद माजावा यांत नवल कोणतें?

पुतण्याचा संघ न्यू इंग्लंड पेट्रियट्स. बिल बेलिचिक हा त्याचा कोच २००० सालीं आला आणि २०२३ चा हंगाम संपेपर्यंत टिकला. २००१ ते २०१८ या हंगामांत त्यानें सहा वेळां सुपर बोल जिंकला. एवढें सांगून थांबलें तर वादाला जागा नाहीं. परंतु या सहाही वेळीं चेंडू फेंकणारा गडी, ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात तो, टॉम ब्रेडी हाच होता. बेलिचिक त्यापूर्वीं क्लीव्हलंडच्या संघाचा पांच वर्षें कोच होता. तेथें छत्तीस सामने जिंकला आणि चव्वेचाळीस हरला. २०२० सालीं ब्रेडी टँपा बे संघांत गेला, आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं पहिल्याच हंगामांत तेथें विजेता झाला. इकडे बेलिचिकच्या संघानें पुढील चार हंगामांत एकोणतीस सामने जिंकले, अडतीस गमावले. आमच्या सूनबाईंचा निकाल तेव्हांच लागला: सारें श्रेय ब्रेडीचें. पुतण्या तसा हार जाणारा नव्हे. तो २००८ साल पुढें करतो. त्या वर्षीं पहिल्याच सामन्यांत ब्रेडीचा गुडघा दुखावला आणि मॅट कॅसल नांवाचा राखीव गडी उभा करावा लागला. या कॅसलनें शाळा सोडल्यापासून एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती. तरी संघानें सोळांपैकीं अकरा सामने जिंकले. शिवाय ब्रेडी हा कांहीं आकाशांतून पडलेला तारा नव्हता. २००० सालच्या निवडींत त्याचें नांव १९९ वें आलें. त्याला निवडलें बेलिचिकनें; आणि त्याच्या आधीं इतर गडी निवडले तेही बेलिचिकनेंच, ही गोष्ट मात्र पुतण्या सांगावयास विसरतो.

दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाहीं. वीस वर्षें एका जागीं वाढलेल्या दोन झाडांच्या मुळ्या सोडवूं पाहणाऱ्याची जी गत, तीच येथें होते. बम फिलिप्स या जुन्या कोचनें डॉन शूलाविषयीं काढलेले उद्गार तिकडे प्रसिद्ध आहेत. त्यांचा आशय असा, कीं हा मनुष्य आपले गडी घेऊन तुमच्यांना हरवील, आणि उलट तुमचे गडी घेऊन आपल्यांना हरवील. याहून चांगली कसोटी मला कोणत्याही शास्त्रग्रंथांत आढळली नाहीं. शूला मायामीला आला त्याच्या आदल्या, म्हणजे १९६९ च्या, हंगामांत त्या संघानें चौदांपैकीं तीनच सामने जिंकले होते. १९७० मध्यें दहा जिंकले. १९७२ मध्यें मुख्य क्वार्टरबॅकचा पाय मोडला, अडतीस वर्षांचा अर्ल मोराल त्याच्या जागीं आला, आणि तरीही संघ सतरा सामने खेळून एकही हरला नाहीं. जो गिब्जची गोष्ट याहून बळकट आहे. वॉशिंग्टनचा हा कोच १९८२, १९८७ आणि १९९१ या हंगामांत विजेता ठरला, आणि तिन्ही वेळां त्याचा क्वार्टरबॅक निराळा होता. मनुष्यें बदललीं आणि फळ तेंच राहिलें, तर श्रेय कायम राहिलेल्या माणसाकडे जावें, हें तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

हा विचार मला नुसता करमणुकीचा वाटेनासा झाला त्याला कारण आहे. आमच्या महाविद्यालयांत अध्यापकांच्या कामाचा वार्षिक तक्ता तपासणारी एक समिती आहे आणि मी तिचा सभासद आहें. तक्त्यांत एक रकाना निकालाच्या टक्केवारीचा. एका तरुण अध्यापकांच्या नांवापुढें चौऱ्याण्णव. त्यांच्या वर्गांत येणारीं मुलें प्रवेशाच्या वेळींच नव्वदीचीं असतात. दुसऱ्या एका वृद्ध सहकाऱ्यांच्या नांवापुढें एक्केचाळीस. त्यांच्याकडे मागें राहिलेलीं, दोनदोनदां नापास झालेलीं मुलें दिलीं जातात, आणि तीं तेच मागून घेतात. त्यांच्या हातून पार पडलेलीं ती एक्केचाळीस मुलें इतर कोणाच्या वर्गांत किती पार पडलीं असतीं, याचा रकाना तक्त्यांत नाहीं. गेल्या वर्षीं या आंकड्यावरून त्यांची बढती अडली. मीं विरोधी मत नोंदविलें. तें चारांविरुद्ध एक असें पडलें. फिलिप्सची कसोटी मीं बैठकींत सांगितली तेव्हां अध्यक्षांनीं, खेळाच्या गोष्टी चहाच्या वेळीं काढाव्या, असें हंसत सुचविलें. ते सहकारी येत्या वर्षीं निवृत्त होत आहेत.

फळावरून कर्त्याची परीक्षा करण्यांत दुसरीही एक खोंच आहे. या खेळांत दहा यार्ड पुढें सरकण्यास चार संधी मिळतात. तीन फुकट गेल्या, तर चौथ्या वेळीं चेंडू लाथेनें दूर धाडून द्यावा, हा सावध रिवाज. बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनीं १९९८ ते २००० या तीन वर्षांचे सामने तपासून २००६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला, आणि कोच लोक गरजेपेक्षां फार वेळां चेंडू असा सोडून देतात असें दाखविलें. कारण उघड आहे. रिवाजानें हरणाऱ्याला कोणी बोल लावीत नाहीं. धाडस करून हरणाऱ्याचें कातडें सोलतात. १५ नोव्हेंबर २००९ रोजीं इंडियानापोलिस येथें बेलिचिकचा संघ ३४–२८ असा पुढें होता. सुमारें दोन मिनिटें उरलेलीं, चेंडू स्वतःच्या हद्दींत अठ्ठाविसाव्या यार्डावर, चौथी संधी, हवे दोन यार्ड. त्यानें चेंडू सोडला नाहीं. गडी थोडक्यांत कमी पडला, प्रतिपक्षानें डाव साधला आणि सामना ३५–३४ असा गेला. सर्वत्र छीथू झाली. ज्यांनीं शांतपणें संभवाचें गणित मांडलें त्यांतल्या अनेकांनीं मात्र निर्णय बरोबर होता असें म्हटलें. गणिताचा परीक्षक उत्तर चुकलें तरी रीतीला गुण देतो. प्रेक्षक हा परीक्षक नव्हे.

पीट कॅरोलच्या वांट्याला तर याहून कठीण प्रसंग आला. फेब्रुवारी २०१५ मधील सुपर बोल. शेवटचें अर्धें मिनिट. त्याच्या सिअ‍ॅटल संघाला विजयास एक यार्ड हवा. आणि हातीं मार्शॉन लिंचसारखा रेड्याच्या ताकदीचा धांवणारा गडी. कॅरोलच्या बाजूनें चेंडू फेंकण्याचा डाव निघाला. माल्कम बटलर या निवडींत कोणीच न घेतलेल्या नवख्यानें तो मध्यें झेलला आणि पेट्रियट्स २८–२४ असे जिंकले. मूर्खपणाचा कळस, असें त्या डावाला आजही म्हणतात. परंतु घड्याळाचा आणि उरलेल्या संधींचा हिशेब पाहतां एक डाव फेंकीचा असणें कांहीं वेडेपणाचें नव्हतें. झेल सुटता तर तें कोणाच्या ध्यानींही राहिलें नसतें. याच कॅरोलनें आदल्या वर्षीं तोच चषक ४३–८ अशा फरकानें जिंकला होता. आणि गंमत पहा, पेट्रियट्सनीं १९९९ च्या हंगामानंतर ज्याला काढून बेलिचिकला आणलें तो कोच हाच!

हंगाम अवघ्या सतरा सामन्यांचा. २०२१ पूर्वीं तर सोळांचाच. एवढ्याशा दाण्यांवरून शितावरून भाताची परीक्षा करावयाची. बिल वॉल्श १९७९ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोस आला तेव्हां पहिल्या वर्षीं सोळांत दोन सामने जिंकला, दुसऱ्या वर्षीं सहा. मालकानें तेव्हांच तक्ता पाहिला असता तर? तिसऱ्या वर्षीं तो विजेता झाला. ज्याचें नांव त्या चषकाला दिलें आहे तो व्हिन्स लोंबार्डी पूर्वायुष्यांत न्यू जर्सीच्या एका शाळेंत लॅटिन, पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवीत असे; त्याच्या शाळेनें त्याची टक्केवारी मोजली होती कीं काय कोण जाणे.

पुतण्याच्या यादींत बेलिचिक पहिला आणि बाकीचे बरेच खालीं. माझ्या यादींत गिब्ज पहिला, शूला दुसरा, आणि तिसरा मार्व्ह लेव्ही. हें ऐकून त्यानें कपाळाला हात लावला, कारण लेव्हीच्या नांवावर सुपर बोल एकही नाहीं. हार्वर्डमधून इंग्लंडच्या इतिहासांत एम्. ए. झालेला हा कोच गड्यांपुढें इतिहासांतले दाखले देई. अमुक सामना जिंकणें प्राप्तच आहे काय, असें विचारतां, तसें फक्त दुसरें महायुद्ध होतें, असें त्यानें सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. त्याचा बफलोचा संघ जानेवारी १९९१ पासून लागोपाठ चार वर्षें सुपर बोलला पोंचला. असें दुसऱ्या कोणाला साधलेलें नाहीं. चारही वेळां हरला. पहिल्या खेपेस आठ सेकंद उरले असतां स्कॉट नॉरवुडनें सत्तेचाळीस यार्डांवरून मारलेला चेंडू उजव्या खांबाबाहेरून गेला आणि सामना एका गुणानें हातचा सुटला. दुसऱ्या दिवशीं बफलोच्या चौकांत हजारों लोक जमले, आणि त्यांनीं नॉरवुडलाच पुढें बोलाविण्याचा घोष केला. तो बोलावयास उभा राहिला तेव्हां त्याला शब्द फुटेना.

अशा पराभवानंतर तींच माणसें उठवून पुन्हां तेथवर नेणें, आणि हें एकदां नव्हे तर तीनदां, हें काम मला सहा चषकांइतकेंच अवघड वाटतें. ३ जानेवारी १९९३ रोजीं ह्यूस्टनविरुद्ध हाच संघ ३–३५ असा मागें होता, मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी होता, आणि राखीव फ्रँक राइकला घेऊन त्यांनीं तो सामना ४१–३८ असा जिंकला. लेव्हीला एके काळीं कॅन्सस सिटीच्या संघानें काढून टाकलें होतें. बफलोनें चार हारींनंतरही त्याला ठेवला. १९९७ चा हंगाम संपल्यावर, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, तो आपण होऊन निवृत्त झाला.