ताईची सही आणि जपानी व्याकरण

आमच्या कचेरीत सध्या माझं नाव 'जपानी' पडलं आहे. आवक-जावक विभागात माझं टेबल. कुणी फाइल घेऊन आला की आधी कमरेत वाकून 'कोन्निचिवा' म्हणतो आणि मगच फाइल टेबलावर आपटतो. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच, "या वयात जपानी शिकून तुम्ही करणार काय? पगारवाढ मिळते काय?"

मिळत नाही. वय सत्तेचाळीस, शिक्षण बी. ए. मराठी, निवृत्तीला तेरा वर्षं. जपानला जाण्याइतके पैसे नाहीत आणि गेलो तरी मासे कच्चे खाणं मला जमणार नाही.

खरं सांगायचं तर हे लचांड भाच्यामुळे मागे लागलं. ताईच्या मुलाला नोकरीसाठी जपानला जायचं होतं. पणजीतल्या एका कॉलेजात शनिवार-रविवारी जपानीचा वर्ग चालतो असं त्याला कुठूनसं कळलं. "मामा, तू रोज पणजीला जातोस, जरा फॉर्म घेऊन ये." मी गेलो तो दोन फॉर्म घेऊन आलो. भाच्याने पाच महिन्यांत जपानी सोडून दुबई धरली. मी मात्र राहिलो. वर्गातली बाकीची मुलं एकोणीस-वीस वर्षांची, बहुतेक जपानी कार्टून बघून आलेली. ती मला 'अंकल' म्हणतात. शिकवणाऱ्या बाई मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन गोव्यात आलेल्या. त्यांना आम्ही सगळे 'सेन्सेई' म्हणतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील, पण त्यांनी लाल पेन उघडलं की मला मराठी शाळेतले मास्तर आठवतात.

पहिलं वर्ष मजेत गेलं. मराठी माणसाला जपानी सुरुवातीला अगदी घरच्यासारखी वाटते. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे. 'वाताशि नो होन' म्हणजे माझं पुस्तक. त्यातला 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे. मूळ ४६ अक्षरांचा तक्ता पाहिला तेव्हा तर मी बाकावरून उठायचाच बाकी होतो. आ, इ, उ, ए, ओ हे स्वर, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा! ही तर आपलीच वर्णमाला, मधली काही घरं गाळलेली. सेन्सेईंनी सांगितलं की हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षू चीनमार्गे संस्कृत शिकले, सिद्धम् लिपी गिरवली, त्या अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला. 'हा'चा उच्चार प्राचीन काळी 'पा' होता, म्हणून तो 'ना' आणि 'मा'च्या मध्ये बसला आहे. वर आम्हा गोवेकरांना पोर्तुगिजांचा प्रसाद वेगळाच: पावाला 'पान', बुतांवाला 'बोतान', साबणाला 'शाबोन'. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, अर्धी जपानी तर मला येतेच!

उरलेली अर्धी म्हणजे काय हे पुढे कळलं. एन-५ झाली, एन-४ ला १८० पैकी ९७ गुण मिळवून कसाबसा पार पडलो (९० लागतात), आणि मध्यम पातळीच्या वर्गात येऊन बसलो. मध्यम पातळीला जपानीत 'चूक्यू' म्हणतात. नावातच चूक आहे, आता मी काय करणार?

चूक्यूत अक्षरं पाठ करून भागत नाही. कोण कुणाशी बोलतो आहे, हे आधी ठरवावं लागतं. उदाहरणार्थ आमचे साहेब. साहेबांसमोर साहेबांबद्दल आदरार्थी बोलायचं, हे आपल्याला समजतं. पण बाहेरच्या माणसाचा फोन आला तर त्याच्याशी बोलताना स्वतःच्या साहेबांचा उल्लेख मात्र साधा, नावापुढे 'सान' न लावता करायचा. कारण त्या क्षणी साहेब 'आपले' आणि फोनवरचा 'परका', आणि आपल्या माणसाचा मोठेपणा परक्यापुढे मिरवायचा नसतो. आमच्या कचेरीत हे करून पाहावं असं फार मनात आहे, पण अजून तेरा वर्षं नोकरी करायची आहे.

पण या सगळ्याहून मला अडवलं ते 'देणं' या साध्या क्रियेने. आपल्याकडे 'येणं' आणि 'जाणं' ही दोन क्रियापदं आहेत, दिशेप्रमाणे बदलतात. जपानीत 'देणं'सुद्धा तसंच दोन प्रकारचं आहे. मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु'. दुसऱ्याने मला किंवा माझ्या माणसाला दिलं तर 'कुरेरु'. आणि मला मिळालं या बाजूने सांगायचं तर तिसरं, 'मोराउ'. वस्तूंपुरतं असतं तर ठीक होतं. पण हीच क्रियापदं दुसऱ्या क्रियापदांच्या मागे लागतात, आपल्या 'लिहून देणं', 'करून घेणं' यांच्यासारखी. मग कोणी कुणासाठी काय केलं आणि उपकार कोणत्या दिशेने गेला, हे वाक्यातच नोंदवलं जातं. आमच्या आवक-जावक वहीसारखं!

म्हणून मला वाटलं, हे तर आपलं रोजचं काम. मी वहीत वाक्य लिहिलं: कचेरीत मी एका आजींना फॉर्म लिहून दिला, 'काइते आगेमाशिता'. सेन्सेई म्हणाल्या, "व्याकरण बरोबर आहे. पण त्या आजींच्या तोंडावर हे कधी म्हणू नका. 'तुमच्यावर उपकार केला' असं ऐकू येईल. ज्याचं काम केलं त्यालाच ते मोजून दाखवायचं नसतं." वर्ग हसला. मीही हसलो. पण सोमवारी टेबलावर बसल्यावर मोजलं तर दुपारच्या जेवणापर्यंत मी चार वेळा म्हटलं होतं, "करून देतो हो तुमचं काम." ज्या कामाचा मला पगार मिळतो ते काम!

असो. आता मुख्य गोष्ट.

चूक्यूत निबंध लिहायचा असतो, चारशे चौकोनांच्या कागदावर, एका चौकोनात एक अक्षर. विषय होता 'माझं घर'. मी लिहिलं की आमचं घर फोंडा तालुक्यात आहे, जुनं, मातीच्या भिंतींचं. बाबा २००९ साली मेले. पुढच्या वर्षी ताईने सही केली. मग मी घर दुरुस्त केलं, कौलं बदलली. सगळं सरळ. सरकारी टिपणात लिहितात तसं.

कागद परत आला तो लाल होऊन. 'मेले'साठी मी 'शिनिमाशिता' लिहिलं होतं, त्या जागी 'नाकुनारिमाशिता', म्हणजे 'वारले'. ही चूक मराठीतही चूकच आहे. आणि ताईच्या वाक्याखाली रेघ. मी लिहिलं होतं, 'आने गा साइन शिमाशिता', ताईने सही केली. सेन्सेईंनी शेवटच्या शब्दावर लिहिलं होतं, 'शिते कुरेमाशिता', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

तास संपल्यावर मी विचारलं, प्रश्नचिन्ह का? त्या म्हणाल्या, "कारण मला माहीत नाही. तुम्ही लिहिलंय ते ताईंनी कुरियरवाल्याच्या कागदावर सही केल्यासारखं वाटतं. तुमच्यासाठी केली असेल तर 'कुरेमाशिता' हवं. तुमच्यासाठी केली का?"

वाचकहो, गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत ही बरोबरी हिंदू मुलींना केंद्राच्या कायद्याने दिली ती २००५ साली. आम्ही गोवेकर हे छाती पुढे काढून सांगतो. आणि मग बाप गेला की भाऊ हक्कसोडीचा कागद तयार करून बहिणीच्या दारात उभा राहतो. मीही राहिलो. ताई आणि भावोजी ठरल्या दिवशी आले, नोटरीपुढे सह्या झाल्या, मी दोघांना हॉटेलात नेऊन भजी आणि चहा दिला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "हो, सही करून घेतली."

'करून घेतली.' पंधरा वर्षं मी हेच म्हणत आलो आहे. चुलत्यांना, बँकेत कर्जासाठी गेलो तेव्हा मॅनेजरला, सगळ्यांना. नळ दुरुस्त करून घेतला, फाइल मंजूर करून घेतली, सही करून घेतली. या वाक्यात कर्ता मी. काम करणारी ताई तृतीया विभक्तीलाही शिल्लक नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. पणजीहून फोंड्याला जाताना जुनं गोवं लागतं. तिथल्या सेंट पॉल कॉलेजची आता एक कमान तेवढी उरली आहे. १५४८ साली त्या कॉलेजात कागोशिमाचा एक जपानी माणूस शिकत होता, आन्जिरो त्याचं नाव. मलाक्क्यात त्याची फ्रान्सिस झेवियरशी भेट झाली, गोव्यात येऊन त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पोर्तुगीज शिकला. पुढच्या वर्षी तो झेवियरला घेऊन जपानला उतरला आणि त्याचा दुभाष्या झाला. ख्रिस्ती देवासाठी जपानी शब्द कोणता, असा प्रश्न आला तेव्हा त्याने 'दाइनिचि' सुचवला. दाइनिचि म्हणजे महावैरोचन बुद्ध! झेवियर तोच शब्द घेऊन उपदेश करत राहिला. ऐकणाऱ्यांना वाटलं, हा आपल्याच धर्माचा कुणी पंथ सांगतो आहे. चूक कळल्यावर त्याने तो शब्द टाकला आणि लॅटिन 'देउस' वापरायला घेतला.

आन्जिरोला मी दोष देत नाही. त्याला जो शब्द जवळ सापडला तो त्याने दिला. माझं तसं नव्हतं.

पुढच्या निबंधाचा विषय होता 'ओसेवा नि नात्ता हितो', म्हणजे ज्याने आपलं केलं, ज्याचे आपण ऋणी आहोत असा माणूस. 'ओसेवा' ऐकून वर्गात सगळ्यांना आपली सेवा आठवली. मी ताईवर लिहायला बसलो. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दहावीनंतर शाळा सोडून तिने शिवणयंत्र घेतलं. माझी कॉलेजची फी, बसचा पास, संदर्भग्रंथ, सगळं त्या यंत्रातून आलं. तिचं लग्न तीस उलटल्यावर झालं, मला नोकरी लागल्यानंतर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी ते 'मी कष्ट करून शिकलो' असंच सांगत असे.

जपानीत ते तसं लिहिताच येईना. फी भरली, 'हारात्ते कुरेता'. कपडे शिवले, 'नुत्ते कुरेता'. वाट पाहिली, 'मात्ते कुरेता'. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तेच शेपूट, कुरेता, कुरेता, कुरेता. रात्री एक वाजला. चारशे चौकोन भरले तेव्हा लक्षात आलं की माझ्या बाजूने 'आगेता' लिहावं असं एकही वाक्य मला सुचलेलं नाही. दरवर्षी भाऊबीजेला पाचशे रुपये ओवाळणी घालतो, ते आठवलं. ते मी लिहिलं नाही.

यंदाच्या भाऊबीजेला तो कागद खिशात घालून ताईकडे गेलो. ओवाळून झाल्यावर म्हटलं, तुझ्यावर निबंध लिहिलाय, जपानीत. तिने हात पुसून कागद घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, वाच. मी वाचला. तिला अर्थातच काही कळलं नाही. "हे परत परत काय म्हणतोस, कुरेता कुरेता?"

मी अर्थ सांगू लागलो आणि सहीच्या वाक्याशी अडकलो. मराठीत हे कसं म्हणायचं, मला सुचेना. मग सुचलं, आणि जीभ चावावी असं झालं. त्यासाठी जपानला जायची गरजच नव्हती. 'ताईने सही करून दिली.' लहान मुलालाही येतं हे वाक्य. भाषेत 'करून घेणं' होतं आणि 'करून देणं'ही होतं. पंधरा वर्षं मी त्यातलं एकच उचलत होतो.

तसं मी म्हटलं, "म्हणजे, तू सही करून दिलीस, म्हणून घर राहिलं."

ताई थोडा वेळ निरांजनाकडे बघत राहिली. मग आमच्या घरच्या कोंकणीत म्हणाली, "तुका त्या दिसा कळूंक नाशिल्लें?"

त्या दिवशी तुला कळलं नव्हतं? एवढंच. मला उत्तर देता आलं नाही. तिनेही वाट पाहिली नाही. "लाडू खा पयलीं," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भावोजी टीव्हीचा आवाज वाढवून बातम्या ऐकत होते, किंवा तसं दाखवत होते.

कागदावरची सही काही परत होत नाही. घर माझ्याच नावावर आहे. मागच्या अंगणातल्या आंब्याखालच्या जागेबद्दल मी आणि बायकोने काही बोलणं सुरू केलं आहे, ते होईल तेव्हा होईल. तोवर त्याचं इथे लिहिणं बरं नाही; सेन्सेईंचा नियम लागू.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यात एन-३ ची परीक्षा आहे. तीन भाग, १८० पैकी ९५ गुण हवेत आणि प्रत्येक भागात किमान १९. वाचनात निभेल, ऐकण्यात मी कच्चा आहे असं सेन्सेई म्हणतात. रात्रीच्या बसचं तिकीट काढून ठेवलं आहे. वाटेतलं खाऊ नकोस, असं सांगून प्रवासाचा डबा ताई करून देणार आहे. मी मागितला नव्हता.